जयगडचा तट आणि मारुतीचा खांब

गणपतिपुळ्याचें दर्शन घेऊन मालगुंडावरून उत्तरेस निघालें, म्हणजे समुद्र डावीकडे ठेवीत आपण जयगडास येतों. शास्त्री नदी येथें सागरास मिळते. खाडीच्या दक्षिण तीरावरील किल्ल्याचा खंदक, जाड बुरूज आणि आंतील गणपतीचें देऊळ अद्याप नीट पाहावयास मिळतें. कान्होजी आंग्र्यांचा म्हणून दाखवितात त्या वाड्याच्या मात्र नुसत्या भिंती राहिल्या आहेत.

किल्ला १६व्या शतकांत विजापूरकरांनीं बांधला. तट कांहीं केल्या उभा राहीना, तेव्हां जयबा नांवाच्या तरुणानें पायांत आपला देह दिला व त्यावरून जयगड हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. पुढें किल्ला संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला. नाईकांजवळ सात-आठ गांवें आणि सहाशें माणसें एवढाच संच. तरी १५८३ व १५८५ सालीं पोर्तुगीज व विजापूरकर ह्यांनीं मिळून केलेल्या स्वाऱ्यांना त्यांनीं दाद दिली नाहीं. तटावरून हिंडतांना आमच्या मनांत आलें कीं, भिंत माणसाच्या जिवावर उभी राहिली खरी, परंतु माणसाचें बळ कशावर उभें राहतें? ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या मल्लविद्येनें देवादिकांचीं नांवें घेऊन दिलें आहे.

कुस्तीचे चार प्रकार परंपरेनें सांगतात. युक्तीनें व चपळाईनें जोडीदारास जिंकणें ती हनुमंती. पेंच घालून त्यास जखडणें व हार कबूल करावयास लावणें ती जांबुवंती. हातपाय व सांधे मोडूं पाहणें ती जरासंधी. आणि निव्वळ शक्तीवर भिस्त ती भीमसेनी.

हीं नांवें उगीच ठेविलेलीं नाहींत. भागवतांत स्यमंतक मण्यासाठीं जांबवान श्रीकृष्णाशीं २८ दिवस झुंजला, अखेर शरण आला, आणि आपली कन्या देऊन सोयरा झाला. सभापर्वांत भीम-जरासंधाचें द्वंद्व कार्तिक प्रतिपदेपासून त्रयोदशीपर्यंत अखंड चाललें. त्याचा शेवट वधांतच झाला. वनपर्वांत तोच भीम वाटेंत पडलेल्या वृद्ध वानराचें शेंपूट हलवूं शकला नाहीं. तो वानर म्हणजे त्याचाच थोरला भाऊ मारुति. केवळ शक्तीनें कोठें थांबावें, हें भीमास तेथें उमगलें. तालमीच्या कोनाड्यांत मारुति बसतो, भीम बसत नाहीं, ह्याचें कारण आम्हांस हेंच दिसतें.

मारुतीची ही विद्या खांबावरही आली आहे. मल्लस्तंभाचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या १२व्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत आहे. परंतु तिचा जीर्णोद्धार पेशवाईच्या अखेरीस झाला. निजामाकडील अली व गुलाब ह्या मल्लांनीं दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारीं आव्हान दिलें, तें बाळंभटदादा देवधरांनीं स्वीकारलें. वणीच्या सप्तशृंगगडावर त्यांनीं उपासना केली, मारुतिरायानें वानररूपानें खांबावर पेंच दाखविले, आणि परत येऊन दादांनीं अलीस चीत केलें, अशी परंपरा आहे. दृष्टांत कोणी मानो वा न मानो. अढी, बगली, दसरंग, फिरकी हीं कामें पाहणारास वानर हा गुरु मानावाच लागतो. एरंडेल चोळलेल्या खांबास मिठी घालणाऱ्या मुलासमोर प्रतिस्पर्धी कोणी नसतो. पडण्याचें भय तेवढें असतें.

जून १८१८ मध्यें जयगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याच महिन्याच्या ३ तारखेस बाजीराव माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाले व पुढें ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. गड गेले, राज्य गेलें. दादांची विद्या शिष्यांच्या अंगीं असल्यामुळें ती कोणास हिरावून नेतां आली नाहीं. १९८१ सालीं मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि २०१९ सालीं मुंबईस शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. दोरीच्या मल्लखांबावर तर मुलींनीं विशेष नांव मिळविलें आहे.

आमच्या शिक्षकीच्या काळांत मारुतिस्तोत्र बिनचूक म्हणणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. त्यांपैकीं खांबावर चार हात चढूं शकणारीं फार थोडीं होतीं. ज्याची स्तुति रोज संध्याकाळीं मुखानें करावयाची, त्याचा एकही गुण अंगीं येऊं नये, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांस शोभत नाहीं. घरांतील वडील मंडळींनीं सुटींत मुलांना जयगड अवश्य दाखवावा आणि जयबाची गोष्टही सांगावी. परंतु परत आल्यावर मुलगा असो वा मुलगी, जवळच्या व्यायामशाळेंत त्याचें नांव घालण्यास विसरूं नये, एवढीच आमची विनंति आहे.