चमचाभर आणि ओंजळभर

इंग्रजीत ‘स्पूनफुल’, ‘हँडफुल’, ‘माउथफुल’ असे शब्द आहेत. भांड्याच्या किंवा अवयवाच्या नावाला ‘फुल’ हा प्रत्यय लागला, की भांडे मागे पडते आणि त्यात मावणारे परिमाण पुढे येते. म्हणूनच अनेकवचन ‘स्पूनफुल्स’ असे शेवटी होते. मोजायची असते ती साखर, चमचे नव्हेत. एकच चमचा तीनदा भरला तरी ‘थ्री स्पूनफुल्स’ होतात; ‘थ्री स्पून्स’ म्हटले, तर चमचेच तीन हवेत.

मराठीत हेच काम ‘भर’ करतो : चिमूटभर, मूठभर, ओंजळभर, घोटभर. ‘हँडफुल’ आणि ‘मूठभर’ या दोहोंना ‘थोडके’ हा अर्थही लाभला आहे. मात्र इंग्रजीत न आवरणारे मूलही ‘हँडफुल’ ठरते. ती छटा ‘मूठभर’ला नाही.

बडोद्यातील आम्हा जुन्या मराठी घरांतली नातवंडे आता ‘हाफ कप’ म्हणतात. त्याचे आम्हांस वैषम्य नाही. पण कप तरी सर्वत्र एकसारखा कोठे आहे? ऑस्ट्रेलियात तो २५० मिलिलिटरचा, अमेरिकेत सुमारे २३७ चा. टेबलस्पून अमेरिकेत सुमारे १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात २० चा. म्हणून औषध घरातल्या चमच्याने नव्हे, बाटलीसोबतच्या मापानेच घ्यावे. स्वयंपाकघरात मात्र नातीने ‘मीठ किती?’ असे विचारले, तर ‘चिमूटभर’ असेच सांगावे आणि आपली चिमूट तिला दाखवावी. शब्द आणि माप दोन्ही त्याच वाटेने पुढे जातात, असे आम्हांस वाटते.