अंगठ्याची चाल

होस्टेलवर खोलीतल्या मित्राने एका रात्री कॅसेट लावली. वर नाव नाही, गाव नाही. गाणारा नाकात बोलल्यासारखा, सुराच्या बाबतीत बेताचाच. पण गिटारचा खर्ज एकसारखा चालत होता आणि मला आबा आठवले. आबा पोस्टमन. सायकलच्या पायडलवर अभंग गुणगुणत टपाल वाटायचे.

कॅसेटवरचा तो गाणारा जॉन प्राइन, आणि तोसुद्धा पोस्टमनच, हे पुढे कळलं. शिकागोजवळच्या मेवूडमध्ये तो घरोघर पत्रं टाकायचा आणि चालता चालता गाणी जुळवायचा. गार वारा सुटला की रस्त्यावरच्या टपालाच्या मोठ्या पेटीत शिरून सँडविच खायचा. आबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "आमच्याकडं तेवढी मोठी पेटी असती तर मीबी बसलो असतो."

त्याचे आईवडील मूळचे केंटकीतल्या मुलेनबर्ग कौंटीचे. तो कोळशाचा मुलूख. पोटासाठी उत्तरेत आले, तरी घरात हँक विल्यम्सची गाणी चालूच. थोरल्या भावाने, डेव्हने, चौदाव्या वर्षी याच्या हाती गिटार दिली आणि कार्टर फॅमिलीची गाणी शिकवली. वाजवण्याची ढब मात्र गावाकडची. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस त्याच कौंटीचा. त्याच्या पद्धतीत अंगठा खालच्या तारांवर आलटून पालटून ठेका धरतो आणि वर बोटं चाल वाजवतात. ऐकायला सोपं! मी जुन्या गिटारवर वर्षभर झटलो. बोटं हलली की अंगठाही त्यांच्यामागे पळायचा. आबा बाहेरून विचारायचे, "आज पंक्चर किती?"

प्राइनच्या शब्दांतही तीच चाल, घाई नाही. १९७१च्या पहिल्या अल्बममधलं 'हॅलो इन देअर' हे एकाकी म्हातारपणाचं गाणं त्याने पंचविशीच्या आत लिहिलं, तेही कीव न करता. १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. लोक हळहळले. मला तो नंतरचाच आवाज जास्त खरा वाटतो.

पण 'पॅराडाइज' हे गाणं जुन्याच आवाजात ऐकावं. पॅराडाइज म्हणजे केंटकीतलं त्याच्या घरच्यांचं गाव. कोळशापायी आजूबाजूची जमीन खरवडली गेली आणि १९६७पर्यंत गावही उठलं. प्राइनने वडिलांना ते गाणं टेपवर ऐकवलं, तर ते उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ज्यूकबॉक्सवर लागलंय असं समजून ऐकायचं होतं. पहिला अल्बम बाजारात येण्याआधीच ते गेले.

प्राइन ७ एप्रिल २०२० रोजी नॅशव्हिलमध्ये कोविडने गेला. त्या रात्री मी फोनवर 'पॅराडाइज' लावलं, दिवा मालवला आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. तुम्हीही एकदा तसंच ऐकून बघा.