अण्णांनी पाहिलेला चंद्र

माणूस चंद्रावर उतरताना आमच्या अण्णांनी टीव्हीवर पाहिलाय. १९६९ साली, नांदेडात, वजिराबादच्या एका वकिलाच्या घरी. अख्खी गल्ली ओसरीवर जमलेली, रात्रीची वेळ, अंगणात टिपूर चांदणं आणि आत पडद्यावर आर्मस्ट्राँग शिडी उतरतोय. अण्णा म्हणजे माझे थोरले मामा. हे वर्णन आमच्याकडे तीन पिढ्यांनी ऐकलंय. कुणी शंका काढली नाही, कारण अण्णा थापा मारणारे नव्हेत. आजही नाहीत.

शंका काढली ती लातूरला, माझ्या भाच्यानं. साखरपुड्यासाठी अण्णांना घेऊन मी एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत बहिणीकडे गेलो होतो. जेवणं उरकून पानं लावणं चाललं होतं आणि पोरगं म्हणालं, चंद्रावर कुणी गेलंच नाही, सगळं स्टुडिओतलं शूटिंग आहे. हा बारावीचा, नीटच्या क्लासचा, लातूर पॅटर्नमध्ये मुरलेला. दिवसा न्यूटनची गणितं सोडवतो आणि रात्री मोबाइलवर असलं काहीबाही पाहतो.

"मामा, तिथं हवा नाही ना? मग झेंडा कसा फडकायला? अन् आभाळात एक बी तारा कसा नाही?"

ही शंका जुनीच. बिल केसिंग नावाच्या अमेरिकन माणसानं १९७६ साली पदरच्या पैशानं पुस्तक छापून ती बाजारात आणली. मी सांगितलं, झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. आणि हवाच नसल्यामुळे एकदा हललेलं कापड लवकर थांबत नाही. ताऱ्यांचं म्हणशील तर रात्री झगमगत्या मांडवाचा फोटो काढ आणि वरचे तारे मोज. पोरगं जरा नरमलं होतं. तेवढ्यात अण्णा मदतीला धावले, आणि तिथंच घोळ झाला.

"अरे, मी या डोळ्यांनी पाहिलंय की! मला येड्यात काढायलास का?"

भाच्यानं मोबाइल काढला. "अण्णाआजोबा, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९६९ मध्ये टीव्ही फक्त दिल्लीत होता. नांदेडात कुठून आला?" आणि लगेच पुढची उडी, "बघा आजोबा, तुम्ही बी बनवलं, त्यांनी बी बनवलं."

उडी चुकीची होती, पण तारीख पक्की होती. मी मनातल्या मनात हिशेब करत गेलो तसं अण्णांचं एकेक चित्र निखळायला लागलं. यान उतरलं आपल्या घड्याळात रात्री पावणेदोनच्या सुमारास. आर्मस्ट्राँगचा पाय टेकला तो सोमवारी, २१ जुलैला, सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. म्हणजे रात्रही नाही. आणि चांदणं? त्या रात्री आषाढातला अर्ध्याहून लहान चंद्र होता, तोही मध्यरात्रीच्या सुमारास मावळलेला.

अण्णांना मी हळूच विचारलं, शेजारी कोण बसलं होतं? त्यांनी पटकन धाकट्या मावशीच्या यजमानांचं नाव घेतलं. ते काका आमच्या घरात जावई म्हणून आले १९८१ साली! बहिणीनं तोंडाला पदर लावला. माझा अंदाज असा, की १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले आणि इंदिरा गांधी त्यांच्याशी बोलल्या, ते अण्णांनी कुणाच्या तरी घरी टीव्हीवर पाहिलं असणार. पेपरातले फोटो, सिनेमाआधीची न्यूजरील हे सगळं त्यात विरघळलं असणार.

यात अण्णांचा दोष कसला? २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं, तेव्हा उलरिक नाईसर या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठं, कशी कळली. काही वर्षांनी तेच पुन्हा विचारलं. बऱ्याच जणांची हकिगत पार बदललेली, खात्री मात्र ठाम. स्वतःचं हस्ताक्षर समोर ठेवलं तरी काहींना आताचीच आठवण खरी वाटत होती. खुद्द नाईसरना पक्कं आठवायचं, की पर्ल हार्बरची बातमी त्यांनी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकताना ऐकली. हल्ला झाला डिसेंबरात. तेव्हा बेसबॉलचा हंगाम नसतोच.

बोलता बोलता बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "भूकंपाच्या रात्री मात्र अमावास्येवानी अंधार होता बघा." त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन. म्हणजे आभाळात चंद्र जवळपास पूर्ण होता, मावळायलाही वेळ होता. पण दगडमातीची घरं कोसळून धुरळा उठला असेल, ढग असतील. ज्यांची माणसं गेली त्यांना पंचांग दाखवू नये. मी गप्प बसलो. भाचाही बसला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

अण्णांना मात्र टोचलं होतं. "मग मी पाहिलं काय?" असं दोनदा म्हणाले.

मी भाच्याला एवढंच म्हणालो, की अण्णांची साक्ष काढून टाक, खटला तरी उभाच राहतो. सहा मोहिमांतून ३८२ किलो दगडमाती आली. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी ती तपासली. तिथं ठेवलेल्या आरशांवरून लेसर अजून परत येतो. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानं अपोलो ११ चा तिथंच राहिलेला खालचा भाग टिपलाय. त्यावर तो म्हणाला, इस्रोला बी सामील केलं असेल. मग मी रशिया काढला. आर्मस्ट्राँग तिथं असतानाच रशियाचं लूना-१५ हे यान चंद्राभोवती फिरत होतं आणि २१ जुलैलाच ते चंद्रावर आदळून फुटलं. शर्यत हरलेल्या मॉस्कोला अमेरिकेचं बिंग फोडायची याहून चांगली संधी कुठली होती? ते गप्प का बसले?

भाचा थोडा वेळ मोबाइल चाळत राहिला. नीट झाल्यावर सांगतो म्हणाला. परीक्षा होऊन गेली, उत्तर अजून आलेलं नाही.