बाटलीतले काजवे

राजमाचीचे काजवे पाहिलेत का तुम्ही? लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने चालत निघालं, की पंधराएक किलोमीटरवर किल्ल्याच्या पायथ्याची उधेवाडी लागते. मे संपता संपता, वळवाची एखादी सर पडून गेली, की रात्री तिथली झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. आधी जो तो काजवा आपल्या मर्जीने चमकत असतो. मग शेजाऱ्याचं पाहून शेजारी ताल जुळवतो आणि जरा वेळाने अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं! बँडमास्तर कुणीच नाही, बरं का.

शाळेत असताना मी तिथले चार काजवे बाटलीत भरून घरी आणले. बाटली उशाशी ठेवून जागत राहिलो. दोन-चारदा ते कसेबसे लुकलुकले. ताल काही धरला नाही. सकाळी पाहतो तर चारही मेलेले. आई रागावली नाही. बाटली तेवढी धुऊन ठेवली. ते मला अजून टोचतं.

पुढे पेशींविषयी वाचताना ही बाटली पुन्हा आठवली. आपल्या पेशीही आपसांत सारख्या बोलत असतात. कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयातल्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत ठेवल्या, तर प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे धडधडते, आपापल्या वेगाने. पण दोघी वाढत वाढत एकमेकींना चिकटल्या, की त्यांच्यामध्ये अगदी बारीक नळ्या तयार होतात, त्यांतून विजेचा निरोप जातो आणि दोघींचे ठोके एक होतात. राजमाचीचंच झाड की हे!

शरीराबाहेर पेशी वाढवायची युक्ती जुनी आहे. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला मज्जापेशींचा तुकडा एका थेंबात जगवला आणि त्यातून तंतू वाढताना पाहिले. आपल्या पुण्यातही विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथून देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. मात्र सपाट बशीत पेशीला वर-खाली शेजारी नसतात. तिचं वागणं बदलतं, अगदी माझ्या बाटलीतल्या काजव्यांसारखं. म्हणून मग पेशींना मऊ जेलीत वाढवून पाहिलं. २००९ साली नेदरलँड्समध्ये उंदराच्या आतड्यातल्या एकाच मूलपेशीपासून चिमुकल्या आतड्यासारखा गोळा वाढला. २०१३ साली व्हिएन्नात मेंदूच्या ऊतीचा वाटाण्याएवढा गोळा तयार झाला. कुठल्या पेशीने कुठे बसायचं, हे पेशींनीच बोलून ठरवलं!

हे बोलणं ऐकायला काजवाच मदतीला येतो. त्याचा दिवा ल्युसिफरेज नावाच्या विकरामुळे पेटतो. या विकराचं जनुक पेशीत असं बसवतात, की ठरावीक निरोप पोचला तरच विकर तयार व्हावं. वरून ल्युसिफेरिन हे इंधन घातलं, की निरोप मिळालेली पेशी उजळते. उजेड इतका मंद, की तो यंत्रानेच मोजावा लागतो.

आणि आता तर पेशींकडून गणकयंत्राचं काम करून घ्यायचा प्रयत्न चालू आहे. २०२२ साली मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी बशीतल्या सुमारे आठ लाख मज्जापेशींना तारांनी जोडून पाँग हा चेंडूफळीचा खेळ दिला. फळी चेंडूला लागली की पेशींना नीटनेटका विजेचा इशारा मिळे. चुकली की नुसता गोंगाट. पेशींना गोंगाट नको असावा, कारण पाच मिनिटांतच त्यांचा खेळ सुधारला. फार नाही, पण सुधारला.

हे वाचून मी खूश झालो, आणि लगेच ती उशाजवळची बाटली डोळ्यांपुढे आली. या बशीला काही जाणवत असेल का? आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. त्यापुढे आठ लाख म्हणजे काहीच नाही. शास्त्रज्ञांमध्येही यावर वाद चालू आहे. मला विचाराल, तर जाणवत नसावं. पण तेव्हा काजव्यांबद्दलही मी असंच म्हणालो असतो.