दोऱ्यावरची कडाकणी

कडाकणी चवीला फार थोर नसते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गव्हाचं पीठ किंवा मैदा, मूठभर रवा, थोडं बेसन, गुळाचं पाणी आणि बेताचं मोहन. घट्ट मळायचं, पातळ लाटायचं, फुगू नये म्हणून टोचे मारायचे आणि मंद आचेवर तळायचं. शंकरपाळ्याचा खुसखुशीतपणा तिच्यात नाही, करंजीसारखं पोटात सारण नाही. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या घरांत ती वर्षातून एकदाच होते, नवरात्रात. आणि तेव्हाही आधी खाण्यासाठी नाही, तर घटावर टांगण्यासाठी.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत १९७०च्या दशकात वाढलेल्या एका मुलीला हा अन्याय वाटे. तळणाचा वास आळीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि घरात आल्यावर हाताला काही लागायचं नाही. देवघरात पत्रावळीवर काळी माती, त्यात पेरलेलं धान्य, मधोमध पाण्याचा घट. वर आडवी काठी बांधलेली. पहिल्या दिवशी तिच्यावरून विड्याच्या पानांची माळ सुटे, मग रोज एकेका प्रकारच्या फुलांची. कडाकण्या कधी बांधायच्या याची रीत घरोघर वेगळी. कुणाकडे पाचव्या माळेला, कुणाकडे सातव्या, हिच्या घरी अष्टमीला. आजी दाभणानं तळण्याआधीच भोक पाडून ठेवायची आणि मग एकेक कडाकणी दोऱ्यात ओवायची.

गोल कडाकण्या सुनांनी लाटायच्या. आकार मात्र आजीचे. देवीची फणी, वेणी, करंडा, आरसा, जोडवी. बायकांच्या फडताळातलं सगळं सामान ती कणकेतून काढी. वेणीचे पेड खरोखरच तीन असत, फणीचे दाते सुरीच्या टोकानं एकेक कापलेले. हा फुलोरा. मुलगी पाटावर चढून हात लांबवायची तेव्हा मागून हमखास आवाज यायचा, “ए भवाने, हात लावू नगंस! देवीचं हाय ते.” दसऱ्याला फुलोरा उतरला की मगच वाटणी. तोवर धुपाच्या वासानं भरलेल्या त्या खोलीत कडाकणी थोडी सादळलेली असे, आणि तिला थोडा धुराचाही वास लागलेला असे. तरी भावंडांत करंड्यावरून मारामारी व्हायची.

गूळ कोल्हापूरचाच, पण नवरात्रात तो जुना असतो. नव्या उसाची गुऱ्हाळं दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला पेटायला लागतात, आणि नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे दिवाळी पाडव्याला होतात. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तेव्हापासून या गावाचा गूळ देशभर जातो. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कडाकणीच्या वाट्याला मात्र डब्याच्या तळातला, काळपट पडलेला गूळ. आजीच्या मते तोच बरा, कारण त्यानं रंग चढतो.

बाहेर गाव वेगळ्याच तालात असे. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. कथा अशी की कोल्हासुराच्या वधानंतर जो उत्सव झाला, त्याचं आमंत्रण त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला, द्यायचं राहून गेलं. ती रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला थोरली देवी दरवर्षी स्वतः जाते. देवांच्या गोष्टींत पराक्रम पुष्कळ असतात. विसरलेल्या आमंत्रणाची दरसाल भरपाई करणारी देवता विरळाच. टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्याच्या फोडीसाठी जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते. फोड घरात ठेवली की बरकत येते, असं मानतात. वडिलांच्या खांद्यावर बसून मुलीनं ती झटापट पुष्कळदा पाहिली. एकदा वडील सदऱ्याची बाही फाडून घेऊन आले, पण फोड मिळाली होती.

वडील शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. राजवाड्यात तलवारी, शेतकऱ्याकडे कोयता-विळा आणि उद्यमनगरात लेथ. यंत्राला धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून त्या दिवशी बंद ठेवायचं. घरी विळी, सुरी, पाटा-वरवंटा ओळीनं मांडलेले असायचे. पुष्कळ मराठा घरांत त्या दिवशी मटण शिजतं, आणि उपासाच्या साबुदाण्या-वरीला कंटाळलेल्या पेठेत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास सुटतो. तांबड्याला कांदा-लसूण चटणी, पांढऱ्याला नारळाचं दूध आणि मटणाचं आळणी पाणी. पांढरा वाटीनं प्यायचा असतो, भातावर ओतून वाया घालवायचा नसतो, हे कोल्हापूरकर पाहुण्याला पहिल्या घासाआधी सांगतो.

आजीचे हात कापायला लागले त्या वर्षी वडिलांनी पत्र्याच्या पट्ट्या वाकवून साचे केले. फणीचा एक, करंड्याचा एक. आजीनं ते उलटसुलट करून बघितले, वापरले आणि नंतर म्हणाली, “बरं हाय. पर सगळ्या फण्या सारख्याच की रं.” तक्रार होती की कौतुक, ते कुणालाच कळलं नाही.

अष्टमीच्या रात्री घरात कुणी झोपत नसे. देवी सजवलेल्या वाहनातून नगरप्रदक्षिणेला निघते. महाद्वार रोड, सराफांची गुजरी, भवानी मंडपात तुळजाभवानीची भेट. रस्ताभर रांगोळ्या आणि रोषणाई. वाहन पुढे गेलं की मागच्या रांगोळीचं काय होतं ते सांगायला नको. रात्र रात्र बसून काढलेली रांगोळी शेकडो पायांखाली पुसली जाते, आणि काढणाऱ्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसत नाही. परतताना गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर वळायचं. समोर म्हैस पिळली जाते आणि फेसाळ दूध तसंच पेल्यात येतं. ज्यांना ते कच्चं, कोमट दूध सोसत नाही त्यांनी लांब राहावं.

दसऱ्याचा सोहळा राजघराण्याचा. अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या दसरा चौकात येतात, राजाराम महाराजांच्या काळातली जुनी मेबॅक मोटार त्या दिवशी बाहेर निघते, सूर्यास्ताला शमीपूजन होतं आणि लकडकोटातलं सोनं लुटायला लोक तुटून पडतात. या चौकाच्या आसपास शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानं उभी राहिलेली निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहं आहेत, मुस्लिम बोर्डिंगसुद्धा. त्या गच्च्यांवरून आणि कट्ट्यांवरून पोरं सोहळा बघतात. सीमोल्लंघनासाठी निवडायला गावात याहून शहाणी जागा नसावी.

पण मुलीची ओढ वेगळी होती. सोनं लुटून, टोपीत घटाचे पिवळे कोंब खोचून वडील घरी आले की फुलोरा उतरायचा.

पुढे ती चित्रकला शिकली. या गावात चित्रकला शिकणाऱ्याला आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर ही नावं पाढ्यांसारखी येतात. बाबूराव कुठल्या कलाशाळेत गेले नव्हते. कारागिराच्या घरातला हा माणूस चुलतभाऊ आनंदरावांबरोबर संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होता. मग कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ज्या गावात सुताराच्या रंध्यापासून सिनेमापर्यंतची वाट एका आयुष्यात तुडवली गेली, तिथे आजीची कणकेची फणी कुठल्या रकान्यात बसवायची, हा प्रश्न तिला पडू लागला. स्थिरचित्राला सगळे सुरई आणि फळं मांडत. तिनं एकदा दोऱ्यावरच्या कडाकण्या मांडल्या. काचेसारखे तळणीचे फोड आणि तेलकट चमक जलरंगात पकडणं जमेना. चित्र बेताचंच झालं, पण ते काढताना फणीचे दाते आजी मधून कडेकडे लहान करत जाते, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. साच्यातल्या फणीचे सगळे दाते सारखे होते.

घराजवळच खासबाग मैदान आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक यांची अशी पाठीला पाठ दुसरीकडे क्वचितच सापडेल. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली हे नाट्यगृह पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं आणि पुढे ‘ललितकलादर्श’च्या केशवरावांचं नाव त्याला मिळालं. नाटकाआधी खासबागेतली भेळ, मध्यंतरात चहा, नंतर पायी घर. तिच्या तरुणपणातल्या शरदाच्या संध्याकाळी अशा गेल्या.

लग्न होऊन ती पुण्याला आली. सासरी घट बसत, माळ चढे, पण कडाकणी कुणी ऐकलेली नव्हती. भोंडल्याला खिरापत ओळखायच्या खेळात तिनं एक वर्ष कडाकणी नेली आणि शेवटपर्यंत कुणालाच ओळखता आली नाही. खेळ जिंकल्याचा आनंद झाला आणि थोडं परकंही वाटलं. आई दरवर्षी कुणा येणाऱ्याबरोबर एसटीनं डबा पाठवी. स्वारगेटला डबा हातात पडेपर्यंत निम्म्या कडाकण्या फुटलेल्या असत. फुटलेली देवीला चालत नाही, त्यामुळे घरच्यांना ती आधीच मिळू लागली. तिच्या मुलांना कडाकणी आवडते ती यामुळेच. त्यांना ती कधी वाट बघायला लावणारी वस्तू म्हणून भेटली नाही, चहात बुडवायची बिस्किटं म्हणून भेटली. पुण्यात स्वतः करायचे प्रयत्न झाले. पहिल्यांदा मोहन जास्त पडलं आणि दोऱ्यात ओवताना सगळ्या भोकापाशी तुटल्या.

आता आजी नाही, वडील नाहीत. आई थकली आहे, पण घट बसतात, म्हणून नवरात्रात लेक कोल्हापूरला जाते. गाव बदललं ते बदलायचंच. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. भिंतींसमोर उभी राहून रडणारी नट मंडळी वाहिन्यांवर दिसली. त्या शरदात ती गेली तेव्हा खासबागेकडून चालत जाणं तिनं टाळलं. महाद्वारात मात्र नेहमीसारखी गर्दी होती आणि टोपल्यांतून, बेकऱ्यांतून तयार कडाकण्या विकायला होत्या. दोऱ्यासकट, पिशवीत बंद.

तयार कडाकणीला नाक मुरडण्याचं कारण नाही. ती करणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, चार पैसे त्यांच्या हातात पडतात, आणि नोकरी करून आलेल्या सुनेनं रात्री अकराला तळण काढावं असं सांगण्याचा हक्क कुणालाच नाही. चवही वाईट नसते, आजीच्यापेक्षा कणभर बरीच म्हणायची. खटकतं ते एवढंच की पिशवीत सगळ्या गोल असतात. गोल भराभर लाटता येते, गोल रचता येते, फुटते कमी. फणी, वेणी, करंडा यांचं गिऱ्हाईक नाही. पेठेतल्या बऱ्याच घटांवर आता नुसती चक्रं लटकतात आणि देवीच्या शृंगाराचं सामान हळूच गायब झालं आहे. मेबॅकचे फोटो हजारो निघतात आणि दरवर्षी छापून येतात. फुलोऱ्याचा फोटो फारसा कुणी काढत नाही, कारण तो स्वयंपाकघरातला आणि दसऱ्याला खाऊन संपणारा. गेल्या नवरात्रात तिनं आईला पाटावर बसवून आकार करून घेतले आणि प्रत्येकाची कड पेन्सिलनं कागदावर गिरवली. जोडव्यांचा आकार आईलाही नीट आठवला नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्या काकूंनी तो करून दाखवला, तोही वेगळाच निघाला. दोन्ही कागदावर आहेत.

तेव्हा घरात फुलोऱ्याची रीत असेल आणि ती जाणणारं कुणी हयात असेल, तर यंदा घट बसायच्या आधी त्यांच्याकडून आकार करून घ्या आणि कच्ची कडाकणी कागदावर ठेवून तिची कड गिरवून ठेवा. तळल्यावर आकार आक्रसतो. आणि मोहन कमी घाला.