आटे

मी कॉन्व्हेंटची. बोल्टच्या ‘थ्रेड’ला मराठीत ‘आटे’ म्हणतात, हे मला दिवाळीच्या सुट्टीत गंगापूरला कळलं!

आपल्या तालुक्यातल्या वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला. १९८६ साली कंपनीने कावासाकी बजाज केबी १०० आणली. आबांकडे तीच आहे. इंजिनाची कव्हरं पांढुरकी पडलेली, बोल्ट गंजलेले.

“आबा, अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट, वरून ओल. हे गॅल्व्हॅनिक करोजन!” मी ऐट मारली.

“बरं. आता काढ.”

मी जोर लावला. कट्ट! मुंडकंच तुटलं.

आबा काहीच बोलले नाहीत. बाकीच्यांवर त्यांनी डिझेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी हलकेच ठोकून पाना आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग उलटा फिरवला. एकेक निघाला. तुटलेला मात्र लेथवाल्याकडे ड्रिल मारून काढावा लागला.

कव्हरं मी पाण्यात घासली, आधी ८०० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२००.

शेवटचा नवा बोल्ट ग्रीस लावून आबांनी माझ्याच हातात दिला. माझा हात थरथरत होता.

“जास्त आवळलास तर आटे जातील, पोरी. कुठं थांबायचं ते हाताला कळतं.”

मी थांबले. आबांनी तपासलंसुद्धा नाही.