पोटरीतला पंप आणि बसायचा स्टूल



द्रवाच्या दाबाचा प्रयोग आपण वर्गात घेतोच. प्लॅस्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन छिद्रं पाडायची आणि पाणी भरायचं. सगळ्यात खालच्या छिद्रातून धार जोरात उडते, कारण तिथे दाब जास्त. आता त्या बाटलीच्या जागी स्वतःला उभं करून बघा. हृदय वर, घोटा खाली. नुसतं उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चालायला लागला की तोच दाब ३० च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. असं का होतं, हाच आजचा पाठ.

पायातलं रक्त वर चढवायला वेगळं यंत्र नाही. पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. या झडपांचं वर्णन इटलीतल्या फाब्रिशियसने १६०३ मध्ये छापलं आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये त्यांच्या आधारे रक्ताभिसरण समजावून सांगितलं. झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली साठतं, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. यालाच आपण ‘नसा फुगल्यात’ म्हणतो आणि डॉक्टर व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. घराण्यात हा त्रास असणं, वय, बाळंतपणं, वजन आणि तासन्‌तास एका जागी उभं राहणं ही त्याची नेहमीची कारणं.

मी उचगावात राहते आणि बावीस वर्षं फळ्यासमोर उभी आहे. माझ्या उजव्या पोटरीवर शिरांची निळी जाळी आहे. पण खरा त्रास माझ्या धाकट्या जाऊबाईंनी काढला. त्या गांधीनगरच्या बाजारात एका कापड दुकानात कामाला आहेत. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा तिथला दंडक. त्या म्हणायच्या, “अक्का, सकाळी पाय बरं असत्यात, संध्याकाळी चप्पल बी चढत नाही बघा.” पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट झाली, खाज सुटली आणि मग तिथे जखम झाली. हळद झाली, पावडर झाली, मलमं झाली. चार महिने जखम हटेना. सुट्टी घ्यावी तर पगार कापला जाणार आणि घरात दोन मुलांचं शिक्षण.

अशी जखम वरून मलम लावून सहसा भरत नाही, कारण दुखणं कातडीत नसतं, आतल्या दाबात असतं. डॉक्टरांनी डॉपलर तपासणी केली, पायाच्या धमन्या चांगल्या आहेत याची खात्री केली आणि मगच दाबाची पट्टी बांधायला सुरुवात केली. तीन महिन्यांत जखम भरली. आता जाऊबाई रोज दाबाचे मोजे घालतात.

या मोज्यांमागेही आपला बाटलीचाच प्रयोग आहे. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला अमेरिकेत स्वतःलाच शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायाला आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी असतो. मग त्याने विसाव्या शतकाच्या मध्याला तसेच मोजे बनवले, घोट्याला घट्ट आणि वर सैल होत जाणारे.

घरी करण्यासारख्या गोष्टी अशा:

मोजे सकाळी उठल्याबरोबर, पाय सुजण्याआधी घालायचे, रात्री काढायचे. माप डॉक्टरांकडूनच घ्यायचं. मधुमेह असेल, विडी-सिगारेट असेल किंवा चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर धमन्या तपासल्याशिवाय घालू नका.

दिवसातून तीन-चार वेळा पाय हृदयाच्या वर राहतील असे उशीवर ठेवून पडायचं, पंधरा ते तीस मिनिटं.

रोज चालायचं. उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करायच्या, म्हणजे पंप चालू राहतो.

वजन आटोक्यात ठेवायचं आणि कोरड्या कातडीला साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. या उपायांनी फुगलेली शीर पूर्ववत होत नाही. सूज, ठणका कमी होतो आणि जखम भरायला मदत होते. लेझर किंवा शस्त्रक्रियेची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचाराच, विशेषतः जखम झाली असेल तर. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय वर धरा, कापडाने दाबून धरा आणि लगेच दवाखान्यात न्यायला सांगा.

आता यात शाळेचा काय संबंध? आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील गांधीनगरच्या दुकानांत आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत उभ्याने काम करतात. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितलेली होती. दुकानांत बसायला मिळावं म्हणून केरळात कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सोबतच्या बायका लढल्या आणि २०१८ मध्ये तिथला दुकान कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. म्हणजे बसायला मागणं हा आळस नाही, तो औषधाचाच भाग आहे.

जाऊबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तेव्हा कुठे काउंटरमागे एक स्टूल आला. आता तिथल्या इतर बायकाही त्यावर आळीपाळीने बसतात.

आपणही एवढं करूया. मुख्याध्यापकांना सांगून प्रत्येक वर्गात फळ्याजवळ एक उंच स्टूल ठेवूया. दोन तासांच्या मधे मुलांबरोबर वीस वेळा टाचा उचलूया. आणि पालकहो, आज संध्याकाळी घरातल्या आईचे, आजीचे घोटे एकदा बघा. कातडी काळपट दिसली तर जखम व्हायची वाट बघू नका.